नेमके एक हजार

३ तारीख, मंगळवार

हलवाहलव संपली. जुन्या बकेटमधल्या सगळ्या फायली नव्या बकेटमध्ये पोचल्या, असं आज बाईंनी स्वतः सांगितलं. यादीतल्या वरच्या तीन फायली उघडून त्यांनी ऐकल्या आणि म्हणाल्या, "वाजतायत. छान." बाई वाचा-उपचार विभागाच्या प्रमुख. 'छान' हा शब्द त्या वर्षातून दोनदा वापरतात, त्यातला एक आज माझ्या वाट्याला आला.

म्हणून ही वही. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केल्यासारखं वाटतंय.

घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार असतो, ते आधी आमच्याकडे येऊन वाक्यं बोलून ठेवतात. नंतर त्यांना हातात मावेल असं यंत्र मिळतं. बटण दाबलं की त्यांचंच वाक्य, त्यांच्याच आवाजात. रेकॉर्डिंग मी करते, वाक्यं मी कापते आणि क्लाउडवर भाड्यानं घेतलेल्या जागेत, म्हणजे बकेटमध्ये, मी ठेवते. तिथे कपाटं नाहीत, खण नाहीत. प्रत्येक फाईल आपल्या लांबलचक नावानिशी एकटी पडलेली असते. नाव माहीत असेल तर मिळणार, नाहीतर नाही.

माझा पायथनमधला प्रोग्रॅम बेचाळीस ओळींचा. जुन्या जागेतली यादी मागायची, एकेक फाईल नव्या जागी उतरवायची, मग दोन्हीकडच्या याद्या पुन्हा मागून मोजायच्या. जुन्या जागी एक हजार. नव्या जागी एक हजार. नेमके! मग जुन्या बकेटला नियम लावला: यातलं सगळं पुसायचं, मागच्या आवृत्त्यांसकट. घर सोडताना झाडून निघावं तसं.

संशयकाकांची आणखी एक गोणी मी महिन्यापूर्वीच उतरवली होती. काका म्हणजे माझ्या आधी या खुर्चीवर असलेला माणूस; कशावरच विश्वास नाही, म्हणून लोकांनी ठेवलेलं हे नाव. दर शुक्रवारी रेकॉर्डिंगच्या बैठकांच्या कच्च्या टेपाही कुठल्याशा वेगळ्या बकेटमध्ये पाठवायच्या, असा त्यांचा दंडक. कच्ची टेप म्हणजे खोकला, खुर्चीची करकर, "पुन्हा म्हणू का?" असलं सगळं. स्वच्छ वाक्यं कापून झाल्यावर ती साल कशाला जपायची?

घरी ताईला सांगितलं. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चाललेलं. बटण लावता लावता तिनं विचारलं, "एक हजार? वर एक नाही, खाली एक नाही?"

"नेमके."

"त्या पोहण्याच्या मास्तरांचीच चारशे आहेत म्हणालीस ना? मग बाकीच्यांनी काय मौन पाळलं होतं?"

"अगं, काहीजण पन्नासात थकतात."

"असेल बाई," म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला. ताईला कुणाचं कौतुक करायचं म्हणजे सुई टोचल्यासारखं होतं.

५ तारीख, गुरुवार

पोहण्याचे मास्तर जखम दाखवायला आले होते. तलावावर पस्तीस वर्षं लोकांना पोहायला शिकवलं. अर्ध्या गावानं त्यांचा ओरडा खाल्लाय. ऑपरेशनच्या आधी त्यांनी चार बैठकांत चारशे बारा वाक्यं बोलून ठेवली, आणि वर एक पाचवी बैठक. आता गळ्याला रुपयाएवढं भोक, त्यावर जाळीचा रुमाल आणि हातात पाटी.

पाटीवर लिहिलं: शिट्टीसुद्धा गेली. हवा तोंडातून येतच नाही.

सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी, मास्तरीणबाई, म्हणाल्या, "चाळीस वर्षं मला मधे बोलू दिलं नाही. आता माझी पाळी." मास्तरांनी पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं, ते पुरं होण्याआधीच त्या म्हणाल्या, "पाणी हवंय त्यांना." मास्तरांनी मान हलवून पाटी माझ्याकडे वळवली: पंखा.

आम्ही तिघंही हसलो. मास्तरांच्या हसण्याला आवाज नाही, रुमाल तेवढा फडफडतो.

जखम कोरडी झालीय असं सर्जननं लिहून दिलंय. यंत्र पुढच्या गुरुवारी, बारा तारखेला. जाताना मास्तरांनी विचारलं: पाचवी सांभाळलीस ना?

"सांभाळली," मी म्हटलं.

पाचव्या बैठकीला त्यांनी मला खोलीबाहेर पाठवलं होतं. मास्तरीणबाई त्या दिवशी आल्याच नव्हत्या. यंत्र चालू करून मी व्हरांड्यात बसले. पाऊण तासानं मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, "ही कापू नकोस. ऐकूही नकोस. अशीच ठेव." मी तशीच ठेवली.

९ तारीख, सोमवार

आज सगळं क्रमानं लिहून काढते.

सकाळी बाई म्हणाल्या, मास्तरांची वाक्यं यंत्रात भरून ठेव. मी प्रोग्रॅमला नाव दिलं. उत्तर आलं: असं काही नाही. वाटलं, टाईप करताना चुकलं. पुन्हा दिलं. मग यादी काढली आणि शेवटपर्यंत खाली गेले. यादी चौदाव्या रुग्णाच्या सदतिसाव्या वाक्यावर तुटते. मास्तर एकसष्टावे.

कारण मला दहा मिनिटांत कळलं. ते सूचनांच्या पानावर पहिल्यापासून लिहिलेलं होतं. यादी मागितली की एका वेळी फार तर हजार नावं मिळतात. खाली एक खूण येते, म्हणजे 'अजून आहेत'. ती खूण दाखवून पुढची हजार मागायची, मग त्यापुढची. मी खूण पाहिलीच नाही. हजार मागितली, हजार हलवली. मोजतानाही त्याच ओळींनी मोजली, म्हणून दोन्हीकडे हजारच.

जुनं बकेट उघडलं. यादीत शून्य. नियमानं आपलं काम चोख केलंय.

बाकीच्यांची वाक्यं त्यांच्या त्यांच्या यंत्रांत आहेत, एकेकाला बोलावून परत घेता येतील. ज्यांचं यंत्र अजून भरलेलं नाही असे एकटे मास्तर. आणि त्यांना आता बोलवून "पुन्हा म्हणा" असं सांगता येत नाही.

रेकॉर्डरमधलं कार्ड पाहिलं. त्यावर नंतरच्या रुग्णांचं रेकॉर्डिंग चढलंय; त्यांचं शाबूत आहे, मास्तरांचं त्याखाली गेलं.

बाईंनी दारातून विचारलं, "भरलंस?"

मी म्हटलं, "थोडं राहिलंय."

हे मी का म्हटलं?

१० तारीख, मंगळवार

ताईला सांगितलं. ती कापड बेतत होती. कात्री खाली ठेवून तिनं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "म्हणजे ज्या टेपनं कापलंस त्याच टेपनं मोजलंस. टेपच आखूड असेल तर कापड बरोबरच येणार की."

बेचाळीस ओळींतली चूक तिनं एका वाक्यात सांगितली. राग आला. तिचा नाही, माझाच.

"बाईंना सांगितलंस?"

"आज सांगते."

सांगितलं नाही. आधी काही वाचतंय का ते पाहू, मग पूर्ण काय ते एकदमच सांगू, असं ठरवलं. हे शहाणपण आहे की पळवाट, कळत नाही. दुपारच्या सुट्टीत जिन्याखाली उभी राहून संशयकाकांना फोन लावला. ते आता दुसरीकडे नोकरीला आहेत.

"बाईसाहेब, घाबरू नका," काका म्हणाले. "मागच्या आवृत्त्या ठेवायची सोय मी चालू केली होती. पुसलेलं त्यात असतं."

"मी आवृत्त्यांसकट पुसलं."

मग म्हणाले, "इतकं नीटनेटकं राहायची गरज नव्हती हो."

मला रडू यायला लागलं. काका घाईघाईनं म्हणाले, "थांबा, थांबा. कच्च्या टेपा दर शुक्रवारी पाठवताय ना? त्या बकेटला मी थंड साठा लावलाय. गेलेली फाईल तिथे झोपते. लगेच उघडत नाही, तिला उठवायचा अर्ज करायचा. दोन दिवस घेते, पण उठते."

मी सांगितलं की महिन्यापूर्वी मी ते बंद केलं.

"मास्तरांच्या बैठका कधी झाल्या?"

पहिल्या दोन आधी. उरलेल्या तीन नंतर.

"मग दोन तरी उठवा," काका म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी अर्ज केला. या वेळी खूण पाहून पाहून यादी काढली. दोन टेपा आहेत. अवस्था: 'चालू'.

चार वाजता बाई आल्या. म्हणाल्या, "मास्तरांना गुरुवारऐवजी सतरा तारखेला बोलावलंय. जखम जरा ओली वाटली मला." सर्जननं तर कोरडी लिहिलं होतं. पण बाईंची नजर जास्त बारीक. माझं नशीब म्हणायचं.

११ तारीख, बुधवार

'चालू'.

दिवसभरात चाळीसदा तरी पाहिलं असेल. काका म्हणाले होते, पाहिल्यानं लवकर होत नाही.

बाई आपल्या टेबलाशी कसलीशी यादी करत होत्या. मधेच मान वर न करता म्हणाल्या, "ज्याला दोन दिवस लागतात त्याला दोन दिवस लागतात. पण आलं की आधी मला सांग. दुसऱ्या कुणाला नाही, आधी मला." बहुतेक नव्या कपाटाबद्दल बोलत होत्या. ते उद्याच यायचंय. मी हो म्हटलं.

जेवले नाही. ताईनं ताट झाकून ठेवलं. ताई टोमणा मारत नाही म्हणजे परिस्थिती खरंच वाईट आहे.

१२ तारीख, गुरुवार

दुपारी साडेतीनला दोन्ही टेपा उघडल्या. पहिली एकोणसाठ मिनिटं, दुसरी बहात्तर.

कानाला लावल्या तर पहिल्याच सेकंदाला मास्तर कानठळ्या बसतील असे ओरडले: "श्वास सोड! पाय मार! पाय!" आठवलं. आवाजाची पातळी पाहायला मीच म्हटलं होतं, काहीतरी मोठ्यानं बोला. मीटरची सुई लाल पट्ट्यात गेली होती आणि मी वाक्यं कापताना हा तुकडा टाकून दिला होता.

तलावावरची सगळी वाक्यं तिसऱ्या बैठकीत होती. ती गेली. चौथीत माणसं आणि फोन. गेली. पाचवी गेली. उरलं ते नमस्कार, आकडे, दुखतंय, भूक लागलीय, दार लाव. आणि हा ओरडा.

कपाट आलंच नाही. विचारल्यावर शिपाई म्हणाला, कुठलं कपाट?

१३ तारीख, शुक्रवार

सकाळी बाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. पाठ करून ठेवलेलं सगळं विसरले. नुसतं म्हटलं, "बाई, माझ्या हातून फार मोठी चूक झालीय."

"बस," बाई म्हणाल्या. "किती उरलंय?"

मी आकडा सांगितला. पाचपैकी दोन बैठका. मग बाकीचंही सांगितलं, खुणेचं, हजाराचं, नियमाचं, सोमवारच्या 'थोडं राहिलंय'चं. काय गेलं हे सांगण्याआधीच त्यांनी किती उरलं असं विचारलं, हे आता लिहिताना ध्यानात येतंय. घाबरलेल्या माणसाचा चेहरा बोलत असणार.

बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तरांना आज सांगायचं. तू सांगायचंस. मी शेजारी बसेन."

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर पोहणाऱ्या मुलांचे फोटो, खुंटीला दोरीसकट शिट्टी. मास्तरीणबाईंनी चहा ठेवला. मी पहिल्या घोटाआधी बोलायला सुरुवात केली, नाहीतर बोललेच नसते.

मास्तर ऐकत होते. हात पाटीवर. मास्तरीणबाई दोनदा म्हणाल्या, "म्हणजे परत येणार नाहीत?" आणि दोनदा मी नाही म्हटलं.

"तिसरी आणि चौथी गेली," मी म्हटलं, "आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय ते पाचव्या..."

मास्तरांनी पाटीवर खडू इतक्या जोरात ओढला की तो मोडला. पाटी माझ्या तोंडासमोर धरली: बाहेर.

एकच शब्द. मी उठले. बाईंनी माझा दंड धरून मला जिन्यापर्यंत आणलं. मागे मास्तरीणबाई विचारत होत्या, "पाचव्या काय? अहो, पाचव्या काय?"

इतका राग मी आजवर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. त्यांचं बरोबरच आहे. घरी आले. ताईनं दिवा लावायला सांगितला, तो लावला. सोमवारी राजीनामा द्यावा असं वाटतंय.

१४ तारीख, शनिवार

मास्तर आले! एकटे. सुट्टीचा दिवस, मी टेबल आवरायला म्हणून गेले होते (आवरायला म्हणजे खोक्यात भरायला). पाहते तर दारात मास्तर, रुमाल घामानं ओला, जिने चढून दम लागलेला.

पाटी आधीच लिहिलेली होती: तिला पाचवीचं माहीत नाही.

त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं: मी नसताना तिनं ऐकायची होती. तू काल भांडं फोडणार होतीस.

"मला वाटलं तुम्ही रागावलात."

रागावलोच आहे, त्यांनी लिहिलं. ते वेगळं.

मग खुर्ची ओढून बसले आणि बोटानं कानाकडे खूण केली. ऐकव.

मी त्यांना दोन्ही टेपा पहिल्यापासून ऐकवल्या, न कापलेल्या. स्वतःचा ओरडा ऐकून ते दचकले आणि त्यांचा उजवा हात आपोआप हवेत पुढे गेला, तलावाच्या काठावरून दाखवतात तसा. नमस्कार, आकडे. तेरा म्हणताना शिंक. मी थांबवायला गेले तर हात धरला: राहू दे.

दुसऱ्या बैठकीत, 'मला दुखतंय' आणि 'डावीकडे दुखतंय' यांच्यामध्ये, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. त्या दिवशी मास्तरीणबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. मास्तरांचा आवाज माईकपासून जरा लांब, पण स्पष्ट:

"अगं ए, रडतेस काय? पाण्यात उतरायच्या आधीच ओली! ये, इकडे बस. मी आहे ना."

मग त्यांचं हसू. आवाजासकट, पुरे चार सेकंद. मग मी: "मास्तर, ते डावीकडचं पुन्हा घेऊ या."

हा तुकडाही मी कापून टाकला होता.

मास्तरांनी तो सहा वेळा ऐकला. सातव्यांदा लावायला माझा हात गेला तर मान हलवली. बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. तिथे पाहण्यासारखं काही नाही, पार्किंग आहे.

मग लिहिलं: पाचवीत हेच होतं. पाऊण तास लांबण लावली होती.

मी म्हटलं, "मास्तर, मला माफ..."

पाटी आली: ते नंतर. हे पहिल्या बटणावर. तिला सांगायचं नाही.

"आणि शिंक?"

रुमाल फडफडला. तेराव्यावर, त्यांनी लिहिलं.

१५ तारीख, रविवार

ताई माझ्याबरोबर ऑफिसात आली. दुकान बंद ठेवून. "तू काप, मी मोजते," म्हणाली. स्वतःचा बटणांचा डबा आणलेला. एक वाक्य तयार झालं की एक बटण या डब्यातून त्या डब्यात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

कापताना आता प्रत्येक टाकाऊ तुकडा आधी ऐकते. पूर्वी एका तासात जेवढं व्हायचं त्याला तीन तास लागतात.

"अहो प्रोग्रॅमवाल्या बाई," ताई मधेच म्हणाली, "याच टेपा पुन्हा त्या थंड जागेत जाणारेत ना?"

"पहिल्यांदा त्याच पाठवल्या."

"मग जेव आता."

१६ तारीख, सोमवार

एकशे त्र्याऐंशी. ताईच्या डब्यात एकशे त्र्याऐंशी बटणं, प्रोग्रॅमच्या मोजणीत एकशे त्र्याऐंशी आणि बाईंनी कागदावर पाच-पाचच्या रेघा मारून काढलेला आकडाही तोच. बाईंना मी प्रोग्रॅम दाखवला नाही, नुसत्या फायली दिल्या. म्हटलं, तुमच्या पद्धतीनं मोजा. तिघांच्या मोजायच्या तीन वेगळ्या टेपा.

चारशे बारातली दोनशे एकोणतीस नाहीत. त्यातल्या तलावावरच्या वाक्यांचं काय करायचं, हे मास्तरांनी अजून सांगितलेलं नाही. फोनवर नातवंडांना हाक मारायची वाक्यंही गेली. नावं घेतलेली होती त्यात. मी त्यांना यादी दिलीय, काय काय गेलं त्याची. घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली.

राजीनाम्याचा कागद बाईंच्या टेबलावर ठेवला होता. दुपारी तो माझ्याच टेबलावर परत आलेला दिसला. मागच्या कोऱ्या बाजूला बाईंच्या अक्षरात: 'शुक्रवार – कच्च्या टेपा. न चुकता.' आणि खाली मोजदादीच्या पाच-पाचच्या रेघा. कागद वाचवायची त्यांची सवय.

काकांना फोन करून सांगितलं, तर आकडा त्यांना बाईंकडून आधीच कळला होता. म्हणाले, "बाईसाहेब, आता तुम्हालाही लोक नाव ठेवणार." म्हटलं, ठेवू देत.

यंत्र भरून झालंय. भरल्यावर यंत्रातून परत काढून एकेक ऐकलं. पहिलं बटण सोडून. ते मी फक्त एकदा ऐकलं, वाजतंय एवढं पाहायला.

उद्या अकराला दोघं येतील. मास्तरीणबाईंनी फोनवर विचारलं, "पहिल्या बटणावर काय ठेवलंय हो? नमस्कार असेल." मी म्हटलं, मास्तरांना विचारा. त्या म्हणाल्या, "विचारलं. पाटी उलटी धरून बसलेत."

बाई म्हणतात, यंत्र त्यांच्या हातात दिलं की आपण दोघींनी व्हरांड्यात जायचं. खुर्च्या काढून ठेवल्यात.